हो म्हणायची सोय नसलेला लॅपटॉप

मावळात भातखाचरातले दगड दर वर्षी वेचतात आणि दर वर्षी नांगर घातला की नवे वर येतात. कुठून येतात, कोणी विचारत नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या किश्शांचं तसंच आहे. एक उचलायला वाकलं की खाली दुसरा दिसतोच! त्यात गोष्ट लिनक्स अपग्रेडची असली तर मग बघायलाच नको.

मी वैशाली. लोणावळ्यात एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला असते. दिवसभर पाहुण्यांना "पाच मिनिटं बसा हं" म्हणते, पण स्वतः पाच मिनिटं एका जागी बसू शकत नाही. लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, हा माझा नाद. त्या नादापायी सुट्टीच्या दिवशी आंदर मावळातल्या एका गावी जाते. तिथे विहाराला लागून एक अभ्यासिका आहे आणि अभ्यासिकेत कोणीतरी दान दिलेले तीन छोटे लॅपटॉप आहेत. छोटे म्हणजे पाटीएवढे. त्यांच्यावर जुनं लिनक्स होतं.

अभ्यासिका चालवतात ओव्हाळ सर. देहूरोडच्या लष्करी डेपोत तीस वर्षं स्टोअरमध्ये काढून रिटायर झालेले. किल्ली असते वरच्या ठाकरवाडीतल्या शकूमावशींकडे. झाडलोट त्यांची आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

*

सुरुवात झाली पल्लवीमुळे. गावातलीच मुलगी, बारावी झालेली. तिला नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता आणि शनिवार शेवटचा दिवस. मंगळवारी तिने लॅपटॉप उघडला तर साइट उघडेचना. स्क्रीनवर एकच ओळ : तुमचा ब्राउझर फार जुना आहे.

तिचा मला फोन. मी रजा टाकून बुधवारी सकाळीच तिथे हजर.

"नुसता ब्राउझर बदलून चालणार नाही," मी म्हटलं. "अख्खी सिस्टिमच जुनी झालीय. ती नव्याला घरात घेत नाही."

शकूमावशी दारात केर भरत होत्या. "जुनं झालं म्हनून फारम घेत न्हाई?"

"हो ना मावशी."

"मंग आमी काय नवं हाय व्हय? आमाला तर समदी घेत्यात मतदानाला!"

*

अपग्रेडची कमांड दिली की लिनक्स आधी पासवर्ड मागतं. आणि टाइप करताना स्क्रीनवर काहीही दिसत नाही. टिंब नाही, फुली नाही, काहीच नाही.

पासवर्ड सरांना पाठ. ते खुर्चीत बसले, चष्मा लावला, एक अक्षर दाबलं आणि थांबले. पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं.

"कीबोर्ड गेला, वैशाली."

"नाही सर, ते दिसतच नाही. तुम्ही टाइप करत राहा."

"जे नोंदलेलं दिसत नाही ते नोंदलं गेलं हे मी कसं मानू? तीस वर्षं स्टोअरला होतो मी!"

दोनदा पासवर्ड चुकला. तिसऱ्या वेळी सरांचं बोट हवेतच राहिलं. मी दारापर्यंत जाऊन परत आले. मागून शकूमावशी म्हणाल्या,

"सर, भात पेरल्यावर त्याच दिशी दिसतोय व्हय? दाबा की एंटर!"

सरांनी दाबलं. उगवलं!

*

पुढे मशीनने विचारलं, सुरू करू का? हो असेल तर y, नाही असेल तर N. नुसतं एंटर मारलं तर तेही "नाही"च धरणार.

आणि पल्लवीच्या त्या लॅपटॉपवर y चं बटण चालतच नव्हतं!

दाबून पाहिलं, खालून फुंकर मारली, टाचणीने बटण उचकटलं. मुंगी निघाली, पण y काही उमटेना. N मात्र बोट नुसतं टेकलं तरी उमटायचं.

सर शांतपणे बघत होते. म्हणाले, "म्हणजे याला 'नाही' म्हणायची सोय आहे, 'हो' म्हणायची नाही. आमच्या डेपोत असा एक साहेब होता."

"मग त्याच्याकडून कामं कशी करून घ्यायचात?"

"त्याच्याच जुन्या पत्रातलं 'हो' काढून त्याच्यासमोर ठेवायचो."

मी हसले, पण पल्लवी हसली नाही. ती स्क्रीनकडे बघत होती. "ताई, त्या प्रश्नातच y लिहिलेला आहे की."

तिने माऊसने तेवढं एक अक्षर पकडलं, कॉपी केलं आणि खाली पेस्ट केलं. मशीन चालू!

लिनक्सचा नाद मला बारा वर्षं आहे. मला ते सुचलं नव्हतं.

*

मधेच एक सांगायचं राहिलं. नेट कुठून आणलं? अभ्यासिकेत रेंज येत नाही. दोन काड्या येतात त्या छपराच्या वर. म्हणून सरांनी आपला फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांबूला बांधला आणि बांबू छपरावर उभा केला. हॉटस्पॉट वर, लॅपटॉप खाली. डाउनलोड मस्त सुरू.

अर्ध्यावर आलं आणि वर फोन वाजला. फोनवर बोलणं आणि नेट, दोन्ही एकदम झेपण्याइतकी रेंज नव्हती. डाउनलोड ठप्प!

"काकूंचा असणार," पल्लवी म्हणाली. काकू म्हणजे सरांच्या पत्नी.

रिंग थांबली, डाउनलोड सुरू झालं. दोन मिनिटांत पुन्हा रिंग. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी सर अंगणात गेले, तोंडाभोवती हात धरले आणि बांबूकडे बघून ओरडले,

"मी कामात आहे!"

दुपारी काकू स्वतःच आल्या, जेवणाचा डबा घेऊन. "फोन का उचलत नव्हता?"

"फोन बांबूवर होता."

काकूंनी एकदा बांबूकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "आणि तुम्ही?"

*

आता खरं सांगते. हसत सांगतेय, पण त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली होती.

पल्लवीची सगळी प्रमाणपत्रं त्याच लॅपटॉपमध्ये स्कॅन करून ठेवलेली होती. कागदी प्रती पावसात घर गळलं तेव्हा भिजलेल्या, दहावीच्या मार्कशीटवरचे आकडे पुसट झालेले. अपग्रेडच्या आधी त्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्यायला हव्या होत्या. मी घाईत घेतल्या नाहीत. हे कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं!

दुपारी तीनला स्क्रीन म्हणाली, अजून एक तास. चारला म्हणाली, अजून एक तास.

"यष्टीवानी हाय," शकूमावशी म्हणाल्या. "इचारलं की म्हनत्यात, निघालीय."

बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे प्लग निघाला की खेळ खलास. सर प्लगशेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. मी आत-बाहेर, आत-बाहेर. मावशींनी सारवलेल्या ओट्यावर माझ्या चपलांची वाट पडली.

मग स्क्रीन काळी झाली. पूर्ण काळी.

पल्लवी हळूच म्हणाली, "ताई, माझे कागद आहेत ना?"

"आहेत गं," मी म्हटलं. खोटं बोलले. मला काहीच माहीत नव्हतं.

पाचची एसटी आली. तिच्यानंतर कान्ह्याच्या स्टेशनला जायला गाडी नाही. ड्रायव्हरने हॉर्न मारला, मी पर्स खांद्याला लावून फाट्यापर्यंत गेले, पायरीवर पाय ठेवला आणि काढला.

"बसायचं का न्हाई, ताई?"

"तुम्ही जा."

पळत परत आले. सर तसेच बसलेले. पल्लवी गुडघ्यांत डोकं घालून. मी हात जोडावेत तशी बोटं जुळवली आणि एका बोटाने टचपॅडला स्पर्श केला.

स्क्रीन उजळली! ती फक्त झोपली होती. आणि मधोमध एक प्रश्न : एक जुनी सेटिंग बदलायची की तशीच ठेवायची? प्रश्न येऊन पाऊण तास झाला होता.

म्हणजे आम्ही त्याची वाट बघत होतो आणि तो आमची!

"तशीच ठेव," सर म्हणाले. अर्ध्या तासात सिस्टिम नवी होऊन उभी राहिली. पल्लवीने फोल्डर उघडला. अकरा फायली. तिने एकेक उघडून पाहिली. मार्कशीट आल्यावर आकड्यांवरून बोट फिरवलं.

मी तेव्हा तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं ताई. तुम्ही 'आहेत' म्हणताना माझ्याकडं बघितलं नव्हतं."

त्या दिवशी मुक्काम मावशींकडे. मावशींनी नाचणीची भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "गप जेव. मांडी हालवू नगंस, ताट हालतंय."

*

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. शनिवारच्या दोन दिवस आधी. 'सबमिट' दाबल्यावर पल्लवीने बोट उचललंच नाही. पावतीचं पान आलं, तिने वाचलं, सरांनी वाचलं, मावशींनी अक्षर-अक्षर लावून वाचलं, तरी बोट तिथेच.

"सोड आता," सर म्हणाले. "गेला फॉर्म."

"सोडला आणि परत आला तर?"

नाही आला. ती आता पिंपरीला शिकते. पहिल्या आठवड्यातच मला मेसेज : ताई, इथल्या लॅबमधल्या कॉम्प्युटरचं पण y चालत नाही. मी सगळ्यांना शिकवलं!

*

दुसरा लॅपटॉप सरांचा. तो सुरळीत अपग्रेड झाला, फक्त त्याची मराठी कीबोर्डची मांडणी बदलली. आणि सरांचा ळ हरवला.

आता मावळातल्या माणसाचा ळ हरवणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. सरांनी ग्रामपंचायतीला अभ्यासिकेच्या दुरुस्तीचं पत्र टाइप केलं : विहाराजवलची अभ्यासिका, आंदर मावल. खाली सही : ओव्हाल.

तिथल्या शिपायाने पत्र हातात घेतलं आणि विचारलं, "सर, हे कोणत्या तालुक्याचं?"

सर घरी आले ते लाल होऊन. "डेपोच्या कुठल्याही यादीत माझं आडनाव कधी चुकलं नाही. आणि आता रिटायर झाल्यावर ओव्हाल?"

दोन दिवस त्यांनी प्रत्येक पत्रावर पेनाने ळ काढले. तिसऱ्या दिवशी पल्लवीने फोनवरून सांगितलं, "शिफ्ट धरून N दाबा."

संध्याकाळी सरांकडून मला एक मेल आली. विषय नाही, मजकूर नाही. नुसतं ळळळळळळळळळळ. दोन ओळी भरून!

*

राहिला तिसरा. त्याची डिस्क इतकी लहान की अपग्रेडला जागाच पुरेना. त्यातलं सगळं पेनड्राइव्हवर काढलं (हो, या वेळी आधी काढलं!) आणि नवी सिस्टिम कोरी टाकायची ठरवली.

सर म्हणाले, "हा मावशींच्या नावावर टाक."

"मला काय करायचाय त्यो," मावशी म्हणाल्या. पण केरसुणी कोपऱ्यात ठेवून आल्या.

मावशी वाचायला शिकल्या पन्नाशीनंतर, प्रौढांच्या वर्गात. तेव्हापासून एसटीची पाटी म्हणू नका, औषधाची बाटली म्हणू नका, दिसेल ते मोठ्याने वाचतात. इन्स्टॉलेशन मी मराठीत लावलं होतं. भाषा निवडून झाली, घड्याळ लावून झालं आणि एक नवं पान आलं. वर मोठ्या अक्षरांत एकच ओळ. मावशींनी खाली बोट धरून वाचली.

"तुम्ही... कोण... आहात?"

आणि माझ्याकडे बघितलं.

"काही नाही मावशी, नुसतं नाव टाकायचं असतं. मी टाकते पटकन." मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

त्यांनी माझा हात बाजूला केला. "थांब. मला इचारलंय."

पुन्हा एकदा वाचलं. मग उठल्या आणि वाडीच्या वाटेने निघून गेल्या.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मी खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. "सर, मी टाकून देऊ का नाव? तेवढंच पुढे सरकेल."

"नको," सर म्हणाले.

अर्ध्या तासाने मावशी आल्या. तोंड धुतलेलं. केस ओले करून विंचरलेले. अंगावर लग्नाकार्यात नेसतात ते हिरवं लुगडं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पदर खांद्यावर सारखा केला आणि स्क्रीनसमोर ताठ बसल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता इचार म्हनावं."