जास्तीची बांगडी

काल माझ्या भाचीचं, मीराचं, डोहाळजेवण झालं. कासारीणबाई तिला हिरवा चुडा भरत होत्या. डाव्या मनगटावर बांगड्या भराभर सरकल्या, उजव्या हाताला मात्र साबण लावावा लागला. शेवटी डाव्या हातात बाईंनी आणखी एक चढवली. "दोन्ही हातांत सारख्या भरायच्या नसतात," मीराच्या सासूबाई म्हणाल्या.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. माणसाचं चित्र मधोमध दुमडून दाखवते. डोळ्यावर डोळा, कानावर कान, हातावर हात बरोबर बसतो आणि मुलं खूश होतात. पण सुरुवातीला आपण सगळे एक गोल ठिपका असतो. त्याला डावं-उजवं काही ठाऊक नसतं. मग पाठ ठरते, पोट ठरतं, दोन्ही बाजू सारख्या मांडल्या जातात. आणि एवढं सगळं जुळत आलेलं असताना इवलंसं हृदय हळूच एका बाजूला वळतं. चित्रात ते मी काढतच नाही. दुमडलं तर जुळणार नाही ना!

ओटी भरून झाल्यावर मीरा माझ्याजवळ सरकली. "मावशी, डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणतात, तरी भीती वाटते गं. बाळाचं दोन्हीकडे सगळं सारखं असेल ना?"

"सगळं कशाला सारखं हवं?" मी म्हणाले. "हृदय तरी डावीकडे कललेलंच बरं."

ती हसली. तिनं डावा हात पोटावर ठेवला, तशा बांगड्या किणकिणल्या.

"अगं बाई!" ती एकदम म्हणाली. "लाथ मारली बघ. डावीकडूनच!"