जेवताना पडलेली थाप

प्राचीन रोमन साम्राज्यातल्या पाँपेई शहरात एका बड्या घराच्या दारात गुलाम एपाफ्राने पायात साखळी वागवत उभी हयात घालवली. थाप पडली की दार उघडायचं, मग तोंडात घास का असेना. म्हातारपणी मालकांनी मोकळं केलं, तेव्हा त्याने आधी स्वतःचं दार असलेली एक खोली घेतली.

आज बायको क्रेस्तेसोबत पाव आणि ऑलिव्ह खाताना दारावर थाप पडली. एपाफ्रा ताडकन उठला, कडीला हात घातला आणि थबकला. मग खुशाल परत येऊन बसला.

"अहो, जुने मालक आहेत! थाप ओळखली नाहीत का?" क्रेस्ते कुजबुजली.

"ओळखली म्हणूनच बसलोय. वाढ अजून."

पाव संपवून, निवांत हात पुसून त्याने दार उघडलं.

"कानात बोळे घातलेस का रे?" मालक खेकसले.

"नाही मालक," तो हसून म्हणाला, "जेवत होतो."