वरातीच्या घोडीचं शेपूट

मामानं किंगरी खुंटीला टांगली आणि "आता बस झालं" म्हणून मोकळा झाला. किंगरी म्हणजे आमच्याकडची गजानं वाजवायची गावरान सारंगी. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात, ते झिजून चारदोन उरले होते. मामा मुर्री गावचा, धानाचा शेतकरी, वय पंचाहत्तर. मे महिन्यात नवेगाव-बांध इथं लोककलांचा मेळावा होता आणि पत्रिकेत त्याचं नाव छापून आलं होतं. "नाव काटाले सांग," म्हणाला.

मी बरा सांगेन! त्याच्या किंगरीवर मी लहानाचा मोठा झालो. आधी तलावावरून तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉन दोरा आणून गजाला बांधला. असा आवाज निघाला की मामीनं आतून विचारलं, "मांजर कोणाच्या पायाखाली आली?"

चार दिवसांनी मावसभावाचं लग्न, गोरेगावला. नवरदेव घोडीवर! देव पावला. मी सत्तेचाळीस वर्षांचा, खत-बियाण्यांचा दुकानदार. पण खिशात पोती उघडायची कात्री घेऊन वरातीत घोडीच्या मागं मागं नाचत होतो. डीजेच्या दणक्यात शेपटी धरली.

"क्या कर रहे हो भैया?" घोडीवाला ओरडला.

"मक्खी हटा रहा हूँ!"

कच्. घोडी बिथरली, नवरदेवाचा फेटा गटारात. सगळे पाहुणे घोडीवाल्यावर तुटून पडले. "घोडी सांभाळता येत नाही काय?" यात सगळ्यात मोठा आवाज माझा. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुर्रीला जाऊन केस बांधलेला रुमाल मामापुढं सोडला. त्यानं मूठभर केस उचलून नाकाला लावले आणि तोंड वाकडं केलं.

"घोडीचे आणले काय बे?"

"मग? नवरदेव कायवर बसते?"

"गजाले घोड्याचे लागते. घोडी मुतते ते सारं शेपटीवर. केस कुजते तिचे."

झाली का पंचाईत! आमच्याकडं वरातीला घोडीच लागते, घोडा आणायचा कुठून? मेळावा परवावर आलेला. मी तिथंच बादली मांडली. रिठ्यात तीनदा धुतले, मग मामीच्या शाम्पूत. मामीनं दिलेल्या शिव्या इथं लिहिता येत नाहीत. मामा ओसरीवरून बघत राहिला. शेवटी त्यालाच राहवेना. "असे पिळू नको, गधड्या, तुटून राहिले," म्हणत त्यानं केस हिसकावले, उन्हात वाळवले, गजाला बांधले आणि राळ घासायला बसला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नवेगावात संध्याकाळी पाचला तो मंचावर चढला. पहिले दोन सूर घोगरे निघाले. लोक चुळबुळायला लागले. मग गज लागला. असा लागला की पुढच्या रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या. त्याला पंधरा मिनिटं दिली होती. अर्धा तास झाला, निवेदक दोनदा खाकरला, मामा थांबेना. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते पुसायचंही सुचलं नाही.

खाली उतरल्यावर त्यानं घाम पुसला, गज उन्हाकडं धरून निरखला. अर्धे केस तुटले होते.

"तुया पोरीचं लगन कवा काढतं?"

"मामा, ती आता कुठं कॉलेजात गेली. अजून पाच वर्षं तरी नाही."

"चालते. पर जवायाले घोड्यावर आणजो. घोडीवर नाही."