फुकटातले चार्ट, लोहाऱ्याचा ब्लॉग

ब्लॉगवरचा चार्ट लोक घटकाभर बघतात आणि पुढं सरकतात. तो करताना काय काय झालं, ते मात्र आमच्याकडंच साठत जातं. भेटलो की एकानं सुरू करायचं, दुसऱ्यानं पुरं करायचं.

आम्ही तिघं. मी लोहाऱ्यात शाळेवर बाई आहे, नंदा कॉम्प्युटरचे क्लास घेते, आणि रेवणअप्पांचं कापडाचं दुकान. दुकानाच्या मागच्या खोलीत लॅपटॉप. गावाची माहिती गोळा करायची, फुकटच्या वेबसाइटवर तिचे चार्ट करायचे, ब्लॉगवर टाकायचे.

पहिलाच चार्ट, घरात कुठली भाषा बोलता? गोल काढला, फोडी पाडल्या. अप्पा बघत बसले. ते आईशी कन्नड बोलतात, बायकोशी मराठी आणि शेजारच्या चाचांशी दखनी. म्हणाले, "मला कुठल्या फोडीत बसवता?" गोल मोडून पट्ट्या केल्या. बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. एका वाचकानं चूक दाखवली, तर नंदानं लिहिलं, "चूक नाही. आमच्याकडं एका माणसात दोन-तीन भाषा मावतात."

वेबसाइटचे तयार रंग फिके. अप्पांनी मान हलवली. "असल्या रंगाचं कापड म्या दुकानात ठेवत न्हाय." मग मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी अशा साड्या उलगडून त्यांनी एकेक रंग जुळवून घेतला. पावसाचा चार्ट एवढा नटलेला कुणी पाहिला नसेल!

नंदाचे वडील फोन हातभर लांब धरून ब्लॉग वाचतात. फुकट आहे म्हणून चार्टखाली वेबसाइटचं नाव येतं. त्यांनी विचारलं, "ह्यो कोण गं? काम तू केलंस, नाव ह्याचं?" नंदानं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या खाली तुझंबी येऊ दे की. फुकटच हाय ना."
तेव्हापासून येतं.

मग सुनांच्या माहेरांचा नकाशा केला. प्रत्येकीच्या माहेरावर ठिपका, तिथून लोहाऱ्यापर्यंत रेघ, रेघेच्या टोकाला बाण. साडी घ्यायला आलेल्या बायका साडी विसरून आपापला ठिपका सांगत बसल्या.

गोदाकाकू एकट्याच आल्या. सत्तरी ओलांडलेली. त्यांचं माहेर भूकंपात पडलं आणि गाव पुढं दुसरीकडं वसवलं. मी नव्या गावावर ठिपका दिला.
"हे न्हवं, बाई. माझं जुनं."

नंदानं वरून काढलेला फोटो उघडला. बाभळी आणि मोकळं रान. काकूंनी ओढ्याचं वळण धरून बोट सरकवत नेलं आणि एका जागी थांबवलं. तिथं ठिपका दिला. रेघ निघाली, लोहाऱ्यात येऊन टेकली. काकू बघत राहिल्या.

"झालं का बरोबर, काकू?" नंदानं विचारलं.

"व्हय. तेवढा बाण उलटा फिरव."