टायर कळणारा माणूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दत्तूला ओळखत नाही — तो समोर असता तर माझी जीभ उचलली नसती.

उंब्रजला हायवेच्या कडेला माझं टायर रिमोल्डिंगचं दुकान. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं, तेच काम. दत्तू माझा शाळेपासूनचा दोस्त, कराडपर्यंत वडापची जीप चालवायचा, सीटमागं भाडं घेऊन प्रवासी भरायचा. अठ्ठ्याण्णव साली शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर क्लास निघाला आणि रविवारी दुपारी तिथले सर आम्हाला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळू द्यायला लागले.

मला भारी माज. टायर म्हटलं की मीच! जमलेल्यांना सांगायचो, बघा, या गेममध्ये टायरची पकड अगदी खऱ्यासारखी सुटते. आणि स्वतः? दर वळणाला भिंतीत. मी बाणाचं बटण दाबून धरायचो, पुढची चाकं पूर्ण वळायची, टायर रस्ता सोडायचा आणि गाडी सरळ जाऊन आदळायची. एका रविवारी दत्तू पहिल्यांदाच खेळायला बसला. बटणाला नुसत्या टिचक्या मारत गेला आणि एकदाही घसरला नाही.

"टायरला सोसंल एवढंच वळीव की गड्या," तो म्हणाला. "जन्म गेला तुझा रबर चिकटवण्यात, आन टायर कळला न्हाई व्हय रं?"

सगळे हसले. सरसुद्धा. हसण्यावारी न्यायची गोष्ट, नाही का? पण माझं डोकं फिरलं. त्याचं मुस्काट त्या मॉनिटरवर आपटावं, दात घशात घालावेत — खरंच तसं वाटलं. वरवर मीही हसलो.

मंडळी पांगली. सर जाता जाता मला म्हणाले, शटर ओढ आणि मागच्या दारानं जा. चपला आत काढायची पद्धत होती, धूळ नको म्हणून. दत्तू अनवाणीच बाहेर गेला होता. अर्ध्यावर आलेल्या शटरखालून त्याचा डावा हात आत आला, चपला चाचपडत. मी आत उभा होतो. हात मला दिसला. मी शटर खाली ओढलं — सगळ्या ताकदीनं.

शटर निसटलं, असं मी सांगितलं. दत्तूच्या भावानं सरांची कॉलर धरली, नादुरुस्त शटर ठेवतोस काय म्हणत नाकातून रक्त येईपर्यंत मारलं. मी बघत उभा राहिलो. सर महिन्याभरात क्लास बंद करून इस्लामपूरला निघून गेले.

दत्तूची दोन बोटं काढावी लागली. गिअर धरता येईना, जीप सुटली. मी त्याला दुकानात कामाला घेतलं. गाव म्हणालं, दोस्त असावा तर असा. तो स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो, "ह्यानं शटर उचललं म्हणून हात वाचला माजा."

रागाच्या भरात झालं, असं म्हणता आलं असतं. शटर ओढेपर्यंत कदाचित तसंच असेल. पण पत्रा बोटांवर बसल्यावर दत्तू ओरडला — माझंच नाव घेऊन, "वर घे रं, वर घे!" मला स्वच्छ ऐकू आलं. आणि मी शटरच्या खालच्या पट्टीवर पाय ठेवला. अंगाचा सगळा भार दिला. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पायाखाली हाड मोडलेलं मला कळलं, आणि मला बरं वाटलं.