नोटिशीची शेवटची ओळ

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी मिल्टन कीन्सहून निखिलचा फोन आला. "मावशी, आईची श्वास थांबली," तो म्हणाला. इथे इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांचं मराठी असंच असतं. एरवी सुमनने ते तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं. डॉ. सुमन, माझी तीस वर्षांची मैत्रीण, शेवटचे चार महिने मुलाकडे होती. वय एकाहत्तर. आजार फुप्फुसाचा.

ती पॅथॉलॉजिस्ट होती. पुण्याहून आली आणि लंडनच्या पश्चिमेला एका हॉस्पिटलात सव्वीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली. साठाव्या वर्षी निवृत्त झाली आणि दोन वर्षांत डोळेच बिघडले. नजरेचा मधला भाग गेला, कडा राहिल्या. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. ड्रायव्हिंग सुटलं, वाचन सुटलं. राहिलं ते घराजवळच्या पार्कातलं पुटिंग ग्रीन : बारीक कापलेलं गवत, त्यात झेंडे लावलेली अठरा छोटी होल्स आणि कोपऱ्यात एक लाकडी टपरी. टपरीतला म्हातारा पुटर, म्हणजे बॉल ढकलायची काठी, आणि बॉल हातात द्यायचा. गोल्फ क्लबसारखी मेंबरशिप नाही, कपड्यांचे नियम नाहीत. सलवार-कमीजवर अनोरॅक चढवून ती रोज दुपारी एकटी चालत जायची. होलकडे सरळ बघायची नाही. जरा बाजूला बघायची, म्हणजे ते कडेला दिसायचं. बाकीचं काम पायांचं. बूट काढून, नुसत्या मोज्यांनी ती प्रत्येक होलभोवतीचा उतार चाचपायची. सातवं डावीकडे ओढतं, बाराव्याच्या अलीकडे खळगा आहे, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं. कधी मी सोबत गेले, तर बहुतेक वेळा हरायचे.

"डोळस असून हरतेस? चष्मा पूस गं जरा."

"तू बोलू नकोस, तुझा बॉल कुठाय ते तरी दिसतंय का?"

"ऐकू आला ना आत पडलेला!"

आजूबाजूच्या गावांतली अशी ग्रीन्स एकेक करून संपत होती. एकाच्या जागी स्केटबोर्डचे उतार आले, दुसऱ्यावर पार्किंग झालं, तिसऱ्यावर नुसतंच रान माजलं. हेही गेलं तर तुला गाडीने दुसरीकडे नेईन, असं मी एकदा म्हणाले होते. ती म्हणाली, "तिथल्या गवताची आणि माझी ओळख नाही. इथे मी आंधळी नसते..."

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही गेलो तेव्हा टपरीला कुलूप होतं. म्हातारा सप्टेंबरमध्येच निवृत्त झाला होता. दारावर कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, नोटीस होती. सुमनने विचारलं, "काय लिहिलंय गं?" पहिली ओळ होती : हिवाळ्यासाठी पुटिंग ग्रीन बंद. खाली बारीक अक्षरांत चार परिच्छेद होते. वारा सुटला होता आणि आम्हाला वेम्बलीला किराणा आणायला जायचं होतं. "दर वर्षीचंच," मी म्हणाले, "एप्रिलमध्ये उघडेल." आम्ही निघालो.

एप्रिलमध्ये ते उघडलं नाही. झेंडे गेले होते, होल्स मातीने बुजवली होती, गवत घोट्याच्या वर आलं होतं. निखिलने कौन्सिलला फोन केला. उत्तर असं आलं की ग्रीन कायमचं बंद करण्याचा प्रस्ताव त्याच नोटिशीच्या शेवटच्या ओळीत होता, लेखी हरकती नोव्हेंबरअखेरपर्यंत मागवल्या होत्या आणि एकही आली नाही. सुमनच्या स्वयंपाकघरात बसून त्याने हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते.

"तू वाचली होतीस ना?" तिने मला विचारलं.

"हो."

"पूर्ण?"

"नाही." मग मी सांगितलं ते असं : मुंबईच्या दैनिकात चौदा वर्षं उपसंपादक होते. बातमीत महत्त्वाचं ते सगळं वर असतं, जागा कमी पडली की खालून कापतात. मी वरचं वाचते.

"आमच्या रिपोर्टात रोगाचं निदान शेवटी असतं," ती म्हणाली. "वरचं सगळं नुसतं वर्णन." मग निखिलला म्हणाली, "चहा टाक रे."

एक हरकत गेली असती तरी ग्रीन वाचलं असतं असं म्हणता येत नाही. ती गेली नाही, एवढंच नक्की. सुमनने त्यानंतर मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण घराबाहेर पडणं थांबलं. पार्कात नुसतं चालायला चल म्हटलं, तर उंच गवतात पाय कुठे पडतो ते कळत नाही म्हणायची. पाय बारीक झाले, दोनदा पडली, मग काठी आली. दर गुरुवारी मी तिचं टपाल वाचून दाखवायला जाऊ लागले. पाकीट फोडलं की ती म्हणायची, "खालून वाच." गॅसचं बिल असो, डेंटिस्टची अपॉइंटमेंट असो, आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची. मी तसंच वाचायचे.

गेल्या ऑक्टोबरात हॉस्पिटलचं पत्र आलं. खोकला बरेच दिवस होता. स्कॅन झाला होता. दोन पानं होती. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं. मी दुसऱ्या पानाची शेवटची ओळ वाचली, अडखळत, कारण त्यातले दोन शब्द मला नवे होते. तिला नव्हते. मी वरच्या ओळीकडे वळले, तेव्हा तिने हात पुढे करून कागद चाचपला आणि त्यावर तळवा ठेवला.

"वरचं राहू दे," ती म्हणाली.

पत्र माझ्याकडेच राहिलं. वरचं मी अजून वाचलेलं नाही.