दोन फुटांवरचा धागा

मी ऑप्टोमेट्रीला प्रवेश घेतला तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात तो शब्द कुणाला धड उच्चारता येत नव्हता. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण, असं मी सांगायचे. आमचे मामा शाळामास्तर. त्यांनीच वडिलांना पटवलं होतं, "पोरीला ह्या लायनीला घाला. माणसं मिळंनात त्यांना. पास झाली की नोकरी दारात." नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मामांचं म्हणणं तेव्हा खरंही होतं.

मी शिकून बाहेर पडेपर्यंत तेच म्हणणं घरोघरी पोचलं होतं. नवी कॉलेजं निघाली, जुन्यांनी जागा वाढवल्या. कोल्हापुरातल्या एका चष्म्याच्या दुकानात मुलाखतीला गेले, तर बाकड्यावर माझ्याच वर्गातल्या चौघी बसलेल्या. एकमेकींकडे बघून आम्ही कसनुसं हसलो. दुकानाबाहेर पाटी होती : 'येथे कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील.' मालक म्हणाले, "नंबर काढायला मशीन हाय. गिऱ्हाइकाला फ्रेम पसंत करून देता येईल का, ते सांगा."

मी हो म्हटलं. चार वर्षं डोळ्याचा पडदान् पडदा शिकून मी काउंटरवर उभी राहिले आणि 'तुमच्या चेहऱ्याला ही शोभते' म्हणू लागले. बाकीच्या चौघींना तेही मिळालं नाही. एक पुढं विम्याच्या कामाला लागली.

सातआठ महिने असे गेले. एका दुपारी इचलकरंजीचा एक माग कामगार तावातावानं दुकानात आला. मूळचा विजापूरकडचा, पंचेचाळिशीचा. महिन्यापूर्वी आमच्याकडूनच नेलेला चष्मा त्यानं काउंटरवर ठेवला.

"अक्का, ह्यो घाला न्हायतर घालू नका, सारखंच. धागा तुटल्याला दिसत न्हाई. कापडात डाग पडत्यात. मालक म्हणतोय, पुढच्या आठवड्यापासून येऊ नको."

मी चिठ्ठी पाहिली. नंबरात चूक नव्हती. त्याच्या हातात पेपर दिला, तर घडाघडा वाचला.

"माग चालवताना धागा डोळ्यापासून किती लांब असतो?" मी विचारलं.

"आता ते कोण मोजलंय?"

मालक आतून म्हणाले, "वाचता येतंय न्हवं? मग चष्मा बरोबर हाय. बदलून मिळणार न्हाई."

माणूस खाली मान घालून निघाला. मी त्याच्या मागोमाग पायरीपर्यंत गेले आणि त्याच्या मागांच्या शेडचा पत्ता विचारून घेतला.

सोमवारी दुकान बंद असायचं. मैत्रिणीकडून भिंगांची पेटी मागून आणली, शिंप्याची टेप घेतली आणि इचलकरंजीची एसटी धरली. शेडमध्ये मागांचा खडखडाट इतका, की खुणांनीच बोलावं लागलं. तो मागापुढं उभा राहिला. त्याच्या भुवईला टेपचं टोक लावून मी धाग्यापर्यंत मोजलं. दोन फुटांहून थोडं जास्त भरलं. दुकानानं त्याला पेपर वाचायचा, फूट-सव्वा फुटावर दिसणारा चष्मा दिला होता. तो माणूस दिवसभर पेपर वाचतच नव्हता. पेटीतली भिंगं तपासणीच्या फ्रेममध्ये एकेक बदलत गेले. चौथ्या वेळी त्यानं माझा हात बाजूला सारला, वाकला, तुटलेलं टोक चिमटीत पकडलं आणि गाठ मारली. मग माझ्याकडं न बघताच पुढचा माग गाठला.

शेडचा मालक हे सगळं दारातून बघत होता. त्यानं मला बाहेर बोलावलं. वाटलं, आता हाकलणार. तो म्हणाला, "माझ्याकडं अजून सहा जण असलं हायत. मला वाटलं, चुकारपणा करत्यात."

पुढच्या सोमवारी त्या सहा जणांचे डोळे तपासले. त्यानंतरच्या सोमवारी शेजारच्या शेडमधल्या, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका आल्या. दुकानाच्या मालकांना मी विचारलं, आठवड्यातून एक दिवस तिकडं तपासणी ठेवूया का? ते म्हणाले, "माग कामगार काय फ्रेम घेणार?" त्याच संध्याकाळी मी नोकरी सोडली.

वडील म्हणाले, "डिगरी घेऊन शेडात फिरणार व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "दुकानात माझ्यासारख्या रांगेनं उभ्या हायत. शेडात एक पण न्हाई."

इचलकरंजीत एका औषधाच्या दुकानामागची खोली घेतली. पहिलं वर्ष वाईट गेलं. कामगार बिचकायचे. डोळे कमजोर निघाले तर काम जाईल, ही भीती. शेडमालकांना सांगून, भांडून, शेवटी अट घातली, की तपासणीत जे निघेल ते मी फक्त त्या कामगारालाच सांगणार. त्यानंतर माणसं आपणहून येऊ लागली. कुणाला मोतीबिंदू निघाला तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून द्यायचे आणि गेला की नाही, याची पुढच्या आठवड्यात चौकशी करायचे.

दरम्यान कॉलेजं पोरं बाहेर काढतच होती. दर उन्हाळ्यात नवे पदवीधर विचारत यायचे, "मॅडम, जागा आहे का?" बहुतेकांना नाही म्हणावं लागलं. ते म्हणताना अजूनही जड जातं. विम्याकडं गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला मात्र मी स्वतःच शोधत गेले. ती म्हणाली, "मी सगळं विसरले गं."

"महिनाभर माझ्या शेजारी बस," मी म्हटलं.

ती बसली. पावसाळा संपल्यावर आम्ही दोघी पेटी घेऊन चंदगडच्या एसटीत चढलो. तिथं काजू सोलणाऱ्या बायकांना बी किती अंतरावर धरावी लागते, ते आम्हाला मोजायचं होतं.